हिवातलं वाळवण

एकदा जुन्नरचे एक निवृत्त भूगोल-शिक्षक आपल्या अकरा जुन्या विद्यार्थ्यांना घेऊन पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला डोंगर चढायला गेले. विद्यार्थी आपले म्हणायचे म्हणून. त्यांतला सर्वांत धाकटा सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि निम्म्यांच्या गुडघ्यांना पट्टे होते. शिक्षक स्वतः अठ्ठ्याहत्तरचे. त्यांचं आडनाव कुणी घेत नसे. जुन्नरात ते मास्तर होते आणि पेरू देशातल्या अँडीज पर्वतातही ते मास्तरच राहिले.

चाळीस वर्षं मास्तरांनी ही पर्वतरांग फळ्यावर खडूने काढली होती. निवृत्तीनंतर ते हट्टाने स्पॅनिश शिकले आणि तीनदा तिथे जाऊन आले. ही चौथी खेप शेवटची, असं त्यांनीच जाहीर केलं होतं. पाच दिवस चालायचं, पंधरा हजार फुटांवरची एक खिंड ओलांडायची आणि पलीकडे उर्पिपाता नावाच्या चौदा घरांच्या वस्तीत उतरायचं, असा बेत होता. तिथे दोन दिवस विसावा. तिसऱ्या दुपारी खालच्या गावाहून मालवाहू गाडी घ्यायला येणार होती.

या अकरांत शरयू होती. दोन वर्षांपूर्वी बेत ठरला तेव्हा खरं तर बारा जण होते. बारावी इंदू, शरयूची पाठची बहीण. दोघी मास्तरांच्याच हाताखाली शिकल्या, एक वर्ष पुढेमागे. पुढे लग्नं झाली, संसार झाले, तरी वर्षातून चार वेळा दोघी पाठीवर पिशव्या टाकून कुठल्या ना कुठल्या गडावर जायच्याच. चौदा महिन्यांपूर्वी सोळा दिवसांच्या आजाराने इंदू गेली.

सुरुवातीच्या दिवसांत भेटायला येणारा प्रत्येक जण इंदूची एखादी आठवण सांगायचा. ती अशी म्हणाली होती, ती तशी वागली होती. ऐकताना शरयूला वाटे, जो तो आपापली इंदू हातात घेऊन कुरवाळतो आहे, आणि दर हाताळणीसरशी ती थोडी झिजते आहे. म्हणून तिने ते दारच बंद केलं. घरात इंदूचं नाव थांबलं, मग नात्यात थांबलं. इंदू जशी होती तशी, अख्खी, कुणाचा हात न लागलेली, तिला आपल्यापाशी राखायची होती.

निघण्याआधी ती मास्तरांकडे गेली. ‘‘मी येते, मास्तर. पण वाटेत कुणी तिचं नाव काढायचं नाही. आठवणी सांगायच्या नाहीत. तेवढा शब्द द्या.’’

मास्तरांनी कारण विचारलं नाही. ‘‘दिला,’’ म्हणाले.

शब्द सगळ्यांनी पाळला, आणि तो पाळताना त्यांची किती तारांबळ उडते हेही शरयूला दिसत होतं. खिंडीच्या चढावर दत्तोबा गाढवे दर दहा पावलांना थांबत होता. दत्तोबाची नारायणगावाजवळ द्राक्षबाग होती आणि जिभेला हाड नव्हतं.

‘‘मास्तर, इथली हवा कुणी पळवली हो?’’

‘‘आमच्या वर्गात भरपूर होती. तेव्हा तू झोपा काढल्यास.’’

‘‘झोपेत भरून घेतली असती तर आज कामाला आली असती.’’ दत्तोबाने खिंडीच्या माथ्यावर पाय ठेवला. समोर पांढऱ्या शिखरांची ओळ एकदम उघडी पडली तेव्हा त्याचा आ वासला. ‘‘अरे बापरे. हे बघायला आज इं—’’

तो तिथेच थांबला. खोकला. मग खाली बसून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. बाकीचे शिखरांकडे बघत राहिले. शरयूही.

तिला कुणाला सांगता येत नव्हतं असं काहीतरी आदल्या सकाळी घडलं होतं. रोज उठल्यावर ती डोळे मिटून इंदूला आठवत असे. नेमानं, देवासमोर दिवा लावावा तसं. त्या सकाळी तिने इंदूचं हसू आठवलं. चेहरा आला, ओठ आले, डोळ्यांकडेच्या सुरकुत्या आल्या. आवाज आला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. इंदूच्या हसण्याला शेवटी एक वेगळंच वळण होतं, ते काय होतं? आठवेना. मग ती घाबरून एकेक तपासू लागली. इंदू फोन उचलताना काय म्हणायची? तेही धूसर. जे इतकं जपून, झाकून ठेवलं होतं, ते आतून कुठेतरी कमी होत चाललं होतं. इंदू एकदा गेली होती. आता ती दुसऱ्यांदा चालली होती, आणि या वेळी शरयूच्याच आत, तिच्या देखत.

पाचव्या दिवशी दुपारी मंडळी उर्पिपातात पोचली.

तिथे त्यांची यजमानीण होती साबिना. सत्तरीची, दोन वेण्यांची, एकावर एक चार घागरे नेसलेली आणि डोक्याला लोकरीच्या नमद्याची टोपी. वस्तीत तिला मामा साबिना म्हणत. मामा म्हणजे तिथे आई. हे कळल्यावर दत्तोबाला फार आनंद झाला आणि तो येताजाता तिला ‘‘काय मामा, बरं आहे ना?’’ असं मराठीत विचारू लागला. ती त्याला तिच्या क्वेचुआ भाषेत काहीतरी सुनवायची. मास्तरांशी मात्र ती स्पॅनिश बोलायची. दोघांचीही स्पॅनिश सारखीच मोडकी होती, त्यामुळे चांगलं जमत होतं.

तिच्या घरामागे उतारावर एक सपाट गवताळ तुकडा होता. त्यावर बटाटे पसरले होते. अक्रोडाएवढे, लिंबाएवढे, जांभळट, तांबूस, पिवळे. मोजता येणार नाहीत इतके. जून महिना होता. आपल्याकडे पेरणीची घाई, तर तिकडे भर हिवाळा. सूर्य डोंगराआड गेला आणि थंडी अंगावर धावून आली. साबिना आणि तिची सून वरच्या गोठणीवर जनावरं आवरायला गेल्या होत्या आणि रात्री तिथेच राहणार होत्या. खिंडीच्या श्रमाने डोकं चढल्यामुळे मास्तर तंबूत आडवे झाले होते.

‘‘या मामानं बटाटे बाहेरच टाकलेत की,’’ दत्तोबा म्हणाला.

शरयूने वाकून एक उचलला. बर्फासारखा गार. आदल्या सकाळी गवतावर पांढरी साय धरली होती हे तिला आठवलं.

‘‘आत घ्यायचे राहून गेलेत. हिवानं नासतील सगळे.’’

‘‘नासतील म्हणजे? पार काळे पडतील. आमच्या बागेत अशी थंडी पडली की रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागतात.’’

जुन्नरात शरयूच्या आळीत एक अलिखित नियम होता. वैशाखात आभाळ भरून आलं की गच्चीवरचे पापड कुणाचे, कुरडया कुणाच्या, हे कुणी विचारत बसत नसे. ज्याच्या नजरेला वाळवण आधी पडेल त्याने ते उचलायचं. घरमालकीण बाजारात गेली असेल तर ती आल्यावर म्हणायची, ‘‘बाई, तू होतीस म्हणून वाचलं.’’ हा नियम शरयूच्या हातापायांत इतका मुरलेला होता की तिने विचारसुद्धा केला नाही.

अर्ध्या तासात सात जणांनी काम उरकलं. एवढे बटाटे उचलून ठेवायला घरात जागा नव्हती, म्हणून जागच्या जागी ढीग करून झाकले. तंबूंवरची कापडं आली, झोपायच्या चटया आल्या. एक कोपरा उघडा राहत होता, त्यावर शरयूने स्वतःचं पांघरूण घातलं. दत्तोबाने बागाईतदाराचं डोकं चालवून दोन बाजूंना लिदीच्या दोन धुमसत्या शेकोट्या पेटवून दिल्या. त्या रात्री शरयू अंगावरच्या कपड्यांतच कुडकुडत झोपली. पण मन निवांत होतं. किती महिन्यांनी आपला कुणाला तरी उपयोग झाला, असं तिला वाटत होतं.

सकाळी तिला जाग आली ती आरडाओरड्याने.

साबिना बटाट्यांपाशी उभी होती. एका हातात शरयूचं पांघरूण, दुसरा हात आभाळाकडे. मास्तर तिच्यासमोर मान खाली घालून ऐकत होते. सगळे गोळा झाले.

‘‘काय म्हणतात त्या?’’ शरयूने विचारलं.

‘‘सगळं सांगू की गाळून सांगू?’’

‘‘सगळं सांगा.’’

‘‘विचारते आहे, तुमच्या देशात कोंबड्यांनाही पांघरूण घालून निजवतात का?’’

कुणीतरी फिसकन हसलं. पण साबिना हसली नव्हती. आता ती हळू आवाजात बोलू लागली होती, आणि ते ऐकताना मास्तरांचा चेहरा उतरत गेला.

‘‘हे बटाटे तिनं मुद्दाम उघड्यावर टाकले होते,’’ ते म्हणाले. ‘‘तीन रात्री हिवात गोठू द्यायचे, दिवसा उन्हात सैल होऊ द्यायचे. चौथ्या सकाळी पायांनी तुडवायचे आणि मग खडखडीत वाळवायचे. चुन्यो म्हणतात त्याला. त्यांचं वाळवणच ते. दोन रात्री झाल्या होत्या. तिसरी आपण झाकली.’’

‘‘मग आज गोठतील की,’’ दत्तोबा म्हणाला.

‘‘वर बघ.’’

पश्चिमेकडून ढग चढत होते.

‘‘ढग आले की हिव पडत नाही. दोनदा गोठलेत, पण गाभा अजून कच्चा आहे. असा अर्धवट राहिलेला बटाटा चार दिवसांत सडतो. अगदी कच्चा असता तर निदान पोत्यात भरता आला असता.’’

‘‘किती दिवसांचं आहे हे?’’ शरयूचा आवाज तिलाच परका वाटला.

‘‘वर्षाचं. घरात आठ तोंडं आहेत.’’

शरयूने उतारावरच्या ढिगांकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘‘पण मास्तर, चांगला बटाटा गोठवायचा, तुडवायचा... हे नासवणंच नाही का? असं का करतात? विचारा ना त्यांना.’’

मास्तरांनी विचारलं. साबिनाने शरयूकडे एकदा नीट निरखून पाहिलं, तिचं पांघरूण तिच्या हातात दिलं आणि एकच शब्द बोलून घरात निघून गेली.

‘‘काय म्हणाल्या?’’

‘‘पाणी,’’ मास्तर म्हणाले.

तो दिवस शरयूने बटाट्यांपाशी काढला. झाकणं उचलली, ढीग मोडले, एकेक बटाटा पुन्हा सुटा मांडला. कुणाला हात लावू दिला नाही. साबिना अधूनमधून दारात येऊन बघायची आणि काही न बोलता आत जायची. दुपारपर्यंत आभाळ गच्च झालं. जुन्नरात असतो तसा उबदार, दमट वारा सुटला. आठ माणसांची वर्षाची भाकरी तिने मायेने मारली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती थंडीसाठी देवाची आळवणी करत होती. ती रात्र ढगाळच गेली. सकाळी तिने खालचा एक बटाटा दाबून पाहिला. तो मऊ लागला आणि बोटाला किंचित आंबूस वास राहिला.

त्याच दिवशी दुपारी वारा फिरला. ढगांना भगदाड पडलं, मग ते फाटतच गेले आणि संध्याकाळपर्यंत आभाळ घासलेल्या भांड्यासारखं लख्ख झालं. साबिनाने दारात उभं राहून हवा हुंगली आणि मास्तरांना म्हणाली, ‘‘तुमच्या बाईला सांगा, आज पांघरूण स्वतःच्या अंगावर घ्यायचं.’’

तिसऱ्या सकाळी गवत पांढरंशुभ्र झालं होतं. बटाटे दगडासारखे झाले होते. एकावर एक आपटले की खणखण वाजत. वास आलेले पाच-पन्नास साबिनाने वेचून बाजूला टाकले, बाकीचे तरले होते. ऊन वर आलं, बटाटे घामेजले, मग तिने पायांनीच त्यांचे टोपलीएवढे ढीग केले, घागरे खोचले आणि अनवाणी एका ढिगावर चढली. टाच रोवायची, पाऊल फिरवायचं, वजन दुसऱ्या पायावर घ्यायचं. चिरडायचं नाही. तिच्या पावलांखालून पाणी निघालं आणि गवतातून ओघळत गेलं.

तिने बोटाने सगळ्यांना खुणावलं. झाकायला आला होतात, आता तुडवायलाही या.

‘‘आई गं!’’ दत्तोबा ओरडला. ‘‘बघा रे कुणीतरी, माझे पाय आहेत का जागेवर!’’

‘‘द्राक्षं तुडवतोयस असं समज,’’ मास्तर म्हणाले. त्यांनीही विजारीच्या दुमडी वर घेतल्या होत्या.

‘‘आमची द्राक्षं खायची असतात, मास्तर. गुन्हा आहे तो.’’

शरयू शेजारच्या ढिगावर होती. पहिल्या पावलाला गारठा थेट दातांपर्यंत गेला. मग साल सुटून बोटांत यायला लागली. इतके दिवस ज्याला जपून उचललं, त्यावर टाच रोवणं तिला जड जात होतं. पाणी मात्र निघत होतं, थांबतच नव्हतं. एवढ्याशा बटाट्यात एवढं पाणी असतं हे तिला, तीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला, ठाऊक नव्हतं.

मग मास्तर एकदम म्हणाले, ‘‘दत्तू, आपण जीवधनला गेलो होतो ते आठवतं का रे? इंदू रडत बसली होती तो दिवस?’’

सगळे पाय थांबले. एकट्या साबिनाचे चालत राहिले.

‘‘मास्तर,’’ शरयू म्हणाली.

‘‘अकरावीत होती. तुटक्या पायऱ्यांपाशी पोचलो आणि पोरीनं जे भोकाड पसरलं—’’

‘‘तुम्ही शब्द दिला होतात.’’

‘‘दिला होता. मोडला,’’ मास्तर शांतपणे म्हणाले आणि पुढे सांगू लागले. ‘‘मी वरून दोर सोडला. ‘इंदू, धर,’ म्हटलं. पण ती कसली धरते! शेवटी मीच खाली उतरलो आणि तिला पाठीशी बांधून वर घेतलं. घरी गेल्यावर तापानं फणफणली होती बिचारी. तशी भित्रीच ती पहिल्यापासून.’’

शरयू ढिगावरून खाली उतरली. तिचे पाय लाल झाले होते आणि कान त्याहून लाल. ती पाठ फिरवून तंबूकडे निघाली. चार पावलं गेली. पाचवं पडलं नाही.

‘‘ती रडत नव्हती,’’ ती पाठमोरीच म्हणाली.

‘‘अगं, माझ्या डोळ्यांदेखत—’’

‘‘तुम्ही तिथं नव्हतातच!’’ ती वळली. ‘‘तुम्ही मुलांना घेऊन कधीच वर पोचला होतात. मागे आम्ही दोघीच होतो. आणि रडत मी होते. मी! इंदू कशाला रडेल? माझा पाय पुढे जाईना आणि मागेही येईना. खाली बघितलं की दरी. इंदू माझ्या पुढे निघून वरच्या कपारीत पोचली होती. तिथं बसली, पाय खाली सोडून. एकदासुद्धा ‘ताई, घाबरू नको’ म्हणाली नाही.’’

‘‘मग काय म्हणाली?’’ दत्तोबाने भीत भीत विचारलं.

‘‘म्हणाली, ‘ताई, परवा होळी आहे, पुरणपोळ्या या वर्षी मी करणार. मुगाची डाळ किती भिजत घालू?’ मी म्हटलं, मुगाची? पुरणाला मुगाची डाळ? तर म्हणाली, ‘बरं, मग मसुराची.’ मी रडता रडता ओरडले, अगं हरभऱ्याची, अक्कलशून्य! आणि तिला नीट ऐकू जावं म्हणून एक पायरी वर सरकले.’’

शरयू बोलता बोलता परत ढिगावर चढली होती. तिचे पाय आपोआप फिरू लागले होते.

‘‘मग म्हणाली, ‘डाळ टाकतानाच गूळ टाकायचा ना, म्हणजे एकदम शिजेल.’ मी म्हटलं, आधी गूळ टाकलास तर ती डाळ जन्मात शिजणार नाही. दुसरी पायरी. ‘आणि बाजरीच्या पिठात भरून थापायच्या.’ थापायच्या? होणाऱ्या सासूच्या पाठीत थाप, म्हटलं! अशी ती चुकत गेली आणि मी तिच्यावर ओरडत एकेक पायरी चढत गेले. शेवटच्या पायरीवर पोचले ती खरं तर तिला एक चापट मारायला. हात उगारला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी वर आले आहे. आणि ती हसत सुटली. तिचं ते हसू... हसून झाल्यावर असा श्वास आत ओढायची बघा, पाणी ओढल्यासारखा—’’

शरयूने श्वास आत ओढून दाखवला.

तो आवाज इंदूचा होता. उतारावर उभ्या असलेल्या सगळ्यांनी तो ओळखला. दत्तोबाने तोंड फिरवलं. शरयू स्वतःच्या गळ्याला हात लावून उभी राहिली. पाच दिवस ती ज्याला आत शोधत होती, ते सांगण्याच्या भरात आपसूक बाहेर आलं होतं. मग तिचे डोळे वाहायला लागले आणि तिने ते पुसले नाहीत.

थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘‘तुम्ही तिथं नव्हतात हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, मास्तर.’’

‘‘होतं.’’

‘‘मुद्दाम चुकीचं सांगितलंत.’’

‘‘चाळीस वर्षं शिकवलं मी,’’ मास्तर म्हणाले, ‘‘पण ही युक्ती माझी नाही. त्या संध्याकाळी गडावर मी इंदूला विचारलं होतं, ताईला वर कसं आणलंस गं? तेव्हा तिनं शिकवली.’’

दुपारी साबिनाने मोठं भांडं अंगणात आणून ठेवलं. त्यात दाट, करड्या रंगाचं सार होतं आणि सारात जुन्या चुन्योचे काळपट तुकडे होते. तुडवलेले बटाटे उतारावर पुन्हा पसरले होते. सकाळच्या ढिगांच्या मानाने ते फारच थोडे दिसत होते.

मास्तर शरयूशेजारी येऊन बसले. ‘‘तू बटाटे झाकलेस ते मायेनंच,’’ ते म्हणाले. ‘‘तसंच तू इंदूलाही झाकलंस. मी शब्द दिला तेव्हा वाटलं होतं, उबेत राहील, बरं होईल. पण खिंडीपासून तुझा चेहरा बघतोय. अख्खं ठेवायला गेलं की गाभ्यातून जातं. इथली माणसं डोंगरात राहतात, त्यांना हे कळलं असावं. उघड्यावर टाकतात, पायाखाली घेतात, पाणी जाऊ देतात. मग पाचवा हिस्सा उरतो. रूप जातं, रंग जातो. पण तेवढं पाठीवर घेऊन माणूस खिंड ओलांडू शकतो. आणि शरयू, इंदू माझ्याकडेही आहे थोडी, या दत्तूकडे आहे. मी आज आहे, उद्या नाही. चार माणसांच्या पायाखालून जाऊ दे तिला. दुखेल.’’

शरयूने सारातला एक तुकडा चमच्याने उचलला.

साबिना त्यांच्याकडेच बघत होती. काय बोलणं चाललंय, असं तिने विचारलं, आणि मास्तरांनी तिला आपल्या मोडक्या भाषेत सगळं सांगितलं. ती मान हलवत ऐकत राहिली. मग तिने शरयूच्या चमच्याकडे बोट केलं.

‘‘हे अन्सेल्मोनं खणलेले आहेत,’’ मास्तर तिचं बोलणं मराठीत आणू लागले. ‘‘तिचा नवरा. सहा वर्षांपूर्वी गेला. त्या साली त्यानं खणले, दोघांनी मिळून तुडवले. अजून दोन पोती आहेत म्हणते.’’

अंगणात सगळे आपापल्या वाडग्यात बघू लागले. सहा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या हातचं ते जेवत होते.

शरयूने तुकडा तोंडात टाकला. मातकट, जरासा कडवट, स्पंजासारखा. बटाट्याची चव शोधून सापडत नव्हती.

‘‘विचारा त्यांना,’’ ती म्हणाली. ‘‘ताज्या बटाट्याची चव परत येते का? कितीही भिजवलं तर?’’

साबिनाने उत्तर द्यायला वेळ लावला नाही.

‘‘नाही म्हणते. ती गेली ती गेली. पण पोट भरतं.’’ मास्तर थांबले, कारण साबिना अजून बोलत होती आणि आता तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात हसू होतं. ‘‘म्हणते, भिजत घालताना दर वेळी ती त्याला शिव्या देते. आळशी होता. वरवर खणायचा आणि मोठे बटाटे जमिनीतच सोडून यायचा. हे बघा किती बारीक, म्हणते.’’

साबिनाने हात पुढे करून शरयूच्या गुडघ्यावर ठेवला आणि काहीतरी विचारलं.

‘‘आता तुझी सांग म्हणते. कशी होती?’’

खालच्या वळणावर गाडीचा भोंगा वाजला. दत्तोबा उठायला लागला. शरयूने त्याच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं, रिकामा वाडगा साबिनापुढे केला आणि ती वाढत असताना मास्तरांना म्हणाली,

‘‘त्यांना सांगा, स्वयंपाकात अगदीच सामान्य होती. आणि त्या दिवशी जीवधनवर ती मुद्दाम चुकली, एरवी मात्र खरोखरच तसा स्वयंपाक करायची.’’

खाली गाडीवाल्याने पुन्हा भोंगा वाजवला. कुणी उठलं नाही.